काळ्या दोऱ्याचं जॅकेट

कळंबच्या आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग मांडून बसणारे चाचा प्रत्येक कपडा झटकून, उलटा करून मगच हातात देतात. आम्हा हॉस्टेलच्या पोरींची सगळी फॅशन त्यांच्याच ढिगातून निघते. पैसे घेताना ते म्हणणारच, "लई खुलून दिसतंय बेटी, नवं घेतलं म्हणून सांग!"

मयताच्या घरून आलेल्या कपड्याला ते आतून काळा दोरा बांधतात आणि बाजूला ठेवतात. तो गॅरेजवाल्याला पुसायला जातो. "जित्या माणसाच्या अंगावर न्हाय घालायचं," असं त्यांचं ठरलेलं.

गॅदरिंगच्या आधी मी ढिगातून एक निळं जॅकेट ओढलं. घालून बघितलं, तर जणू माझ्याच मापाचं. चाचांनी ते उलटं केलं. आत काळा दोरा होता; ते चुकून ढिगात आलेलं. सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दातानं दोरा तोडला आणि जॅकेट पुढं केलं. पैसे घेताना या वेळी त्यांचं 'लई खुलून दिसतंय' आलं नाही. मी जॅकेट घडी घालून पिशवीत टाकलं.

पुढच्या बाजाराला त्यांनी खाली बघतच विचारलं, "बसलं का?"

"व्हय, चाचा."

खरंच बसलंय. फक्त बाह्या अजून दुसऱ्याच कुणाच्या तरी कोपराच्या जागी दुमडतात.