शाळा सोडण्याचे कारण

आज सकाळी वर्ग उघडला, तर कालचा फळा तसाच होता. कोपऱ्यात मुलांनी चौकट करून लिहिलं होतं, 'पुसू नये'.

प्रशिक्षणात मी नवीन शिकून आले होते, की कुठल्याही गोष्टीला एकच कारण नसतं. काय कशाला जोडलंय ते बाणांनी काढून बघायचं. काल तेच वर्गात घेतलं. उदाहरण म्हणून मुलांनीच सविताचं नाव काढलं. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. नळाला पाणी साडेनऊला येतं, आई आठलाच कामावर जाते, म्हणून पाणी सविता भरते, म्हणून तिला उशीर. बाणामागून बाण निघत होते आणि मी खूश होते.

मग तिच्या शेजारी बसणारी मंगल उठली. 'उशीर'पासून तिनं बाण काढला आणि लिहिलं, 'बाई दाराबाहेर उभं करतात'. तिथून पुढे, 'सगळे बघतात'. तिथून शेवटचा, 'सविता येत नाही'.

"चुकलं का, बाई?"

"नाही गं. बस."

मी तर शिस्त लावत होते. दुसऱ्यांच्या घरांतले बाण मला किती पटापट दिसले होते.

रिकाम्या वर्गात मी अजून फळ्यापुढे उभी आहे. सविताचे वडील गेल्या महिन्यात तिचा दाखला घेऊन गेले. दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणासाठी एकच ओळ असते. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'पालकांच्या विनंतीवरून'.