तळपायाची साक्ष

शेळगावात गेणबा तात्यांच्या तळपायाचा एक दबदबा होता. उसाला पाणी देताना बाकीची माणसं वाकून बघतात, खोऱ्यानं उकरून ओल तपासतात. तात्या सरीत अनवाणी उभे राहायचे, घटकाभर गप्प, आणि मग सांगायचे, "भरली. मोड दारं." म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायचं. खाली किती मुरलंय हे त्यांना पायानं कळायचं, आणि ते चुकत नसत. पायताण घालून उसात उतरणाऱ्याला ते पाहुणा म्हणत. लग्न होऊन आलेल्या शकुबाईला नवऱ्याच्या या पायांचं केवढं कौतुक होतं. चाळीस वर्षांनी त्याच पायांनी तिच्या जिवाला घोर लावला होता.

तात्यांना साखर होऊन बारा वर्षं झाली होती. गोळ्या ते आठवल्या तर घेत, चहातली साखर मात्र कधी विसरत नसत. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पारावरून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठंतरी गळून पडली होती आणि यांना पत्ता नव्हता. विचारलं तर म्हणाले, "सैल झाल्ती." पंधरा दिवसांनी त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा दिसला, पार आत गेलेला. शकुबाईनं सुईनं उकरून काढला. तात्या तोवर मोबाइलवर कांद्याचा भाव बघत होते. पाय हललासुद्धा नाही, आणि ती धास्तावली.

कारण वस्तीवरच्या मानसिंगआबांचं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. आधी अंगठ्याला साधा फोड, मग अंगठा गेला, मग गुडघ्यापर्यंत पाय. दुखलं असतं तर आबा वेळेवर दवाखान्यात गेले असते. दुखलंच नाही, तिथंच घात झाला. तेव्हापासून शकुबाईनं एकच धोशा लावला, पाय तपासून घ्या. तात्या हसायचे. सुई न लावता, रक्त न घेता कसली आलीय तपासणी, असा त्यांचा सवाल असे. महिनाभर डोकं खाऊन तिनं त्यांना एकदाचं तयार केलं, आणि तिथंच सगळं मुसळ केरात गेलं.

कुठल्याशा मंडळानं गावच्या शाळेत साखरेच्या रोग्यांसाठी शिबिर भरवलं होतं. बाहेर फलक, आत खुर्च्या आणि फोटो काढणाऱ्यांची धावपळ. पाय तपासणाऱ्या पोरीच्या हातात नायलॉनचा दोरा होता, मिशीच्या केसाएवढा. "डोळे मिटा, लागलं की हो म्हणा," एवढं सांगून तिनं तळपायाला टक टक टक सुरू केलं, बी टोकावं तशा लयीत. मागं शंभर माणसांची रांग होती. तात्यांनीही त्याच लयीत व्हय, व्हय, व्हय म्हणून टाकलं. दोनदा तर दोरा टेकायच्या आधीच त्यांचं व्हय आलेलं शकुबाईनं बघितलं. ती बोलायला गेली, तर पोरगी म्हणाली, "काकू, मध्ये बोलू नका." कार्डावर शिक्का बसला: पायांच्या संवेदना नॉर्मल.

त्या कार्डानं शकुबाईला वर्षभर छळलं. तात्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं. बूट घाला म्हटलं की कार्ड बाहेर, पाय दाखवा म्हटलं की कार्ड बाहेर. "रगात न घेता बी तपासणी खरी असती, असं तूच म्हणत व्हतीस न्हवं?" वर हेही ऐकवायचे. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागलेला तिचा लेक दिग्विजय सुट्टीला आला, तर त्याचं तेच. "आई, रिपोर्ट नॉर्मल हाय. उगं का किरकिर करतीस?" रोज डोळ्यांनी बघणारी आई खोटी आणि दोन मिनिटांत मारलेला शिक्का खरा. आपल्याकडं शिक्का मारून दिला तर माणसं गाढवाला घोडा म्हणून विकत घेतील.

शकुबाईचा राग शिक्क्यावर थोडा आणि नवऱ्यावर जास्त होता. पाय बधिर झालेत हे यांना कळतं, पण गावातला मान जाईल म्हणून हा माणूस लबाडी करतो, याची तिला खात्री होती. तसं ती तोंडावर म्हणायचीही. तात्या उठून निघून जायचे.

मग दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटलं. शकुबाई न्याहारी घेऊन रानात गेली, तर सरी तुडुंब भरून पाणी बांध फोडून चाललेलं, शेजारच्या नागेशचं कांद्याचं रोप बुडालेलं, आणि तात्या त्याच सरीत डोळे मिटून खांबासारखे उभे. नागेश बांधावरून म्हणत होता, "तात्या, जरा मागं बघा की." तात्या म्हणाले, "अजून भरली न्हाय. माझा पाय सांगतोय मला." नागेश बिचारा मोठ्या माणसाला काय बोलणार? शकुबाईला धरणी दुभंगावी असं झालं. न्याहारीचं फडकं तिनं बांधावर आपटलं, खोरं उचललं आणि स्वतः दारं मोडलं.

दुसऱ्या दिवशी ती खोटं बोलली. माझे गुडघे दाखवायचेत म्हणून तात्यांना सकाळच्या एसटीनं बारामतीला घेऊन गेली. दवाखान्यात साखरेच्या पायांची वेगळी खोली होती आणि तपासणीला स्वरूपा नावाची बाई होती. बाकावर आपल्यालाच बसवतायत हे कळल्यावर तात्या ताडकन उठले.

"फसवून आणलंस मला."

"व्हय, आणलं," शकुबाई म्हणाली. "कार्ड खरं हाय न्हवं? मग भ्यायचं काय?"

हा घाव वर्मी बसला. तात्या खाली बसले आणि त्यांनी पाय पुढं केले.

स्वरूपानं आधी एक थरथरणारी दांडी त्यांच्या हाताला लावली. तात्या लगेच म्हणाले, "कळलं." मग तीच पायाच्या अंगठ्याला लावून ती यंत्रावर थरथरीचा आकडा वाढवत गेली. आकडा चढत चढत शेवटाला पोचला, तरी तात्या वाट बघत बसलेले. "यंतर बिघडलंय तुमचं," ते म्हणाले. स्वरूपानं वाद घातला नाही. तिनं नायलॉनचा दोरा काढला, डोळे मिटायला सांगितले, "लागलं की सांगा" म्हणाली आणि सावकाश, मध्येच थांबत, कधी बोटाला कधी टाचेला लावू लागली. तात्यांचं व्हय कधी जुळायचं, कधी नाही.

मग तिनं दोरा डबीत ठेवला, डबी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली.

"व्हय," तात्या म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "व्हय. आता टाचंला."

"आणि आता?" स्वरूपानं विचारलं.

"आता करंगळीला."

त्यांच्या पायाजवळ कुणाचा हात नव्हता.

"डोळे उघडा, तात्या."

तात्यांनी डबी बघितली, तिचे मोकळे हात बघितले. शकुबाईनं वर्षभर हाच क्षण मनात घोळवला होता. ती उसळून म्हणाली, "सापडली का लबाडी? वरीसभर मला खोटी पाडलीत."

"लबाडी न्हाय गं," तात्या हळू आवाजात म्हणाले. "खरंच लागलं."

शकुबाईनं स्वरूपाकडं पाहिलं. स्वरूपा म्हणाली, "काकू, ते खोटं बोलत नाहीयेत. साखरेनं नसा खराब झाल्या की बाहेरचं आत पोचत नाही, आणि नसा आपल्या आपणच मुंग्या आणतात, टोचल्यासारखं करतात. माणसाला वाटतं, कुणी हात लावला. म्हणून तर आम्ही मध्ये दोरा न लावता बघतो. शिबिरातही त्यांना लागल्यासारखंच वाटलं असेल."

वर्षभर ज्याला लबाड म्हणून घालूनपाडून बोललं, तो माणूस खरं सांगत होता. शकुबाईला स्वतःची लाज वाटली, आणि त्या शिक्क्याचा संताप आला. पण आता भांडायचं कुणाशी?

तात्यांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ते स्वरूपाला विचारत होते, "मग सरीत उभा ऱ्हातो तवा पाणी मुरल्यालं कळतं मला, ती बी असंच?"

स्वरूपानं मान खाली घालून कागदावर आकडे लिहायला घेतले. तात्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

जखम कुठंच नव्हती, म्हणजे पाय अजून राखता येण्याजोगे होते. स्वरूपानं सगळं समजावून सांगितलं. अनवाणी एक पाऊलही नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, रोज तळपाय बघायचे. मग तिनं कपाटातून मऊ बुटांचा एक जोड काढून दिला. शकुबाई खाली बसली, तिनं तात्यांचा पाय मांडीवर घेतला आणि बूट चढवून पट्टा ओढला. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "टाचंला घट्ट हुतंय का?"

तात्यांनी आपल्या पायाकडं बघितलं.

"मला कशाला इचारतीस," ते म्हणाले. "तूच बघ."

शकुबाईनं टाचेमागं बोट घालून बघितलं. बोट आत जाईना, बूट चांगलाच चावत होता.