तारेवरची पांघरुणं

ऑस्ट्रेलियात मुलीकडे गेलो होतो. शेजारच्या म्हातारीनं कुंपणाच्या काटेरी तारेवर घोंगडी वाळत घातली होती. मी म्हटलं, "फाटेल की!"

"जाड आहे, काही होत नाही. माझ्या लहानपणी, युद्धात, इथल्या छावणीतले जपानी कैदी असेच पळाले. तारेवर पांघरुणं टाकून, शेकड्यांनी."

"घरी जायला?"

"छे, मरायला! जिवंत पकडला गेला की घराण्याला बट्टा. म्हणून कित्येकांनी नावंसुद्धा खोटी सांगितलेली. दोघं आमच्या दारात आले. आईनं चहा दिला. प्यायले, वाकून नमस्कार केला आणि खुणेनं म्हणाले, आता गोळी घाला."

'मेलास तरी चालेल, पण हरून येऊ नकोस,' असं आपणही पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगतो. आपली पोरं ऐकत नाहीत, म्हणून जगतात. ती पोरं आज्ञाधारक होती.

म्हातारीनं घोंगडी ओढली. दोनचार धागे काट्यात अडकून राहिले.

गावाबाहेर त्या पळण्यात मेलेल्या कैद्यांची थडगी आहेत, स्वच्छ, एका रांगेत, खोट्या नावांची. एखादी आई शोधत आलीच, तर तिला तिचा मुलगा सापडणार नाही. तेवढी काळजी त्यानं घेतली आहे.