कर्तव्य सरांचं मत

माझा आ अजून मिटलेला नाही. शेजारीण विचारते, सुई हातात धरून भिंतीकडे काय बघत बसलीस? तिला काय सांगू, कपाळ? या माणसाचे शर्ट मी शिवते. चहात साखर किती लागते ते मला झोपेतून उठवून विचारा. आणि हा माणूस आतून काय आहे ते मला आत्ता, लेक खांद्याला लागल्यावर कळलं. तेही कसं, तर मतमोजणीत!

आमचे हे हायस्कूलमध्ये सामाजिक शास्त्रं शिकवतात. म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, आणि तोंडी लावायला थोडं अर्थशास्त्र. पोरं यांना कर्तव्य सर म्हणतात. वर्गात कुणी ‘सर, हा आमचा हक्क आहे’ म्हणालं की यांचा प्रश्न ठरलेला, ‘आणि कर्तव्य?’ घरीही तेच. मी म्हणाले, आज जरा पडू द्या मला, तो माझा हक्क आहे, की लगेच यांचं तोंड उघडतं. ‘पुढचा शब्द काढलात तर चहा मिळणार नाही,’ असं दरडावलं की मग गप्प.

पण शिकवतात मात्र जीव तोडून. वर्गात दोन पोरांची मारामारी झाली की शिक्षा नंतर. आधी दोघांना वेगवेगळं लिहायला लावतात, बघणाऱ्या तिसऱ्याला लिहायला लावतात, आणि तिन्ही कागद वाचून वर्गाला विचारतात, ‘आता सांगा, खरं काय घडलं?’ म्हणे इतिहास असाच असतो. नकाशाचं प्रमाण शिकवायला अख्खा वर्ग मैदानात पावलं मोजत फिरवतात. वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा तर हात वर करून नाही. नकाशांचा स्टँड आडवा लावायचा, त्यामागे एकेकानं जायचं, खूण करायची. ‘मित्राला घाबरून मत द्यायचं नाही, मास्तरलाही घाबरून नाही,’ हे वाक्य तर आमच्या भिंतींनाही पाठ झालंय.

एवढं करून किंमत काय, तर शून्य. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई येतात, ‘सर, तुमचा तास द्या ना, तुमचं काय, पाठच तर करायचं असतं.’ हे देतात. पालकसभेला त्या बाईंच्या टेबलापुढे रांग दारापर्यंत, आणि यांच्यापुढची खुर्ची रिकामी. एकदा एक गृहस्थ येऊन बसले. हे खूश! त्यांच्या चिरंजिवांबद्दल भरभरून बोलले. गृहस्थ म्हणाले, ‘तसं नाही हो, पाय दुखत होते, रांग सरकेपर्यंत टेकलोय.’ ही गोष्ट घरी येऊन यांनीच मला हसत हसत सांगितली आणि मी पोट धरून हसले.

आता आमची लेक. एकुलती एक, जिभेला धार, यांच्याच शाळेत, यांच्याच वर्गात बसलेली. दहावीला विज्ञानात पहिली आली. सासूबाईंनी साऱ्या गल्लीला सांगून टाकलं की नात डॉक्टर होणार. आणि आमच्या बाईसाहेबांनी जेवताना जाहीर केलं, ‘मी पुढे इतिहास आणि राज्यशास्त्र घेणार.’

मला वाटलं, आता हे ताट सोडून नाचतील. यांचा घास हातातच राहिला. ‘विज्ञान घ्यायचं,’ म्हणाले. ‘विषय संपला.’

मी बघतच राहिले. वर्गात दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्या म्हणून घसा कोरडा करणारा माणूस हा! लेकीनं विचारलं, का? तर उत्तर नाही. मी विचारलं, अहो, का? तर म्हणे, भाजीत मीठ कमी आहे. भाजीत मीठ व्यवस्थित होतं, मी सांगते ना. मग घरात अबोला. बाहेर जाताना ती पुढे, हे मागे, मध्ये अख्खा रस्ता. आणि प्रवेशाची शेवटची तारीख येऊन ठेपली. सोमवारी विषयांचं नाव द्यायचं, आणि दिलं की दिलं, पुन्हा बदल नाही.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, भावजी जेवायला आले होते. भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, विजेच्या सामानाचं दुकान आहे, पंखे दुरुस्त करतात. जेवणं झाली आणि लेक उभी राहिली. ‘बाबा, घरात मतदान घेऊया. हरले तर गुपचूप विज्ञान घेईन, तोंड पाडणार नाही. जिंकले तर तुम्ही अडवायचं नाही.’

हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. हिशेब सोपा होता हो. सासूबाई यांच्या, भावजी यांचे. ‘कबूल,’ म्हणाले. ‘पण तुला मत नाही. मतदाराला अठरा पूर्ण लागतात.’

माझं डोकंच फिरलं. ‘अहो, आयुष्य तिचं आणि मत पंखेवाल्याला?’

‘वहिनी, पंखेवाला इथंच बसलाय,’ भावजी म्हणाले.

लेक मात्र थंड. ‘चालेल. मग मी सभेची अध्यक्ष. अध्यक्षाचे सगळे नियम लागू?’

‘सगळे,’ हे म्हणाले.

तेवढ्यात माझं सासूबाईंकडे लक्ष गेलं. सकाळपासून नात आजीचे पाय चेपत होती, डोक्याला तेल लावून देत होती. यांच्याही लक्षात आलं. ‘आई, हे आचारसंहितेत बसत नाही.’ सासूबाई म्हणाल्या, ‘तुझी आचारसंहिता राहू दे, माझ्या गुडघ्याला बरं वाटलं.’

मतदान माझ्या दुकानात ठरलं. घराची पुढची खोली म्हणजेच माझं शिवणाचं दुकान. कपडे घालून बघायला कोपऱ्यात पडदा लावलाय, तोच मतदानाचा आडोसा. बटणांचा डबा रिकामा केला, ती पेटी. प्रत्येक चिठ्ठीवर दोन शब्द, विज्ञान आणि इतिहास, हव्या त्यावर खूण. पेन्सिल सगळ्यांना एकच.

आधी भाषणं. लेक बोलली. म्हणाली, ‘आपल्या गल्लीच्या टोकाला, जिथं एकही घर नाही, तिथं सार्वजनिक नळ आहे. बाबांनी वर्गात विचारलं होतं, का असेल? सगळे विसरले, माझ्या डोक्यातून जाईना. मी झाडू विकणाऱ्या म्हातारीला विचारलं, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं. तिथं तीस घरं होती. कारखान्याचा रस्ता रुंद करायला एका आठवड्यात पाडली. माणसं कुठं गेली ते कुणाला माहीत नाही. कुठंच लिहिलेलं नाही. फक्त नळ राहिला. विज्ञानात मला मार्क मिळतात. पण झोप उडते ती अशा गोष्टींनी.’

त्या नळावरून मी रोज जाते. मी कधी विचारलं नाही. मी शिवणाच्या यंत्रावर हात ठेवून नुसती उभी.

मग हे उठले. मला वाटलं, विज्ञानाचं कौतुक करतील, नोकऱ्या, पगार, नेहमीचं. तर हे यंत्राकडे बघतच बोलायला लागले. ‘या विषयात काय मिळतं ते मला विचारा. माझा तास म्हणजे उरलेली वेळ. ज्याला दुसरं काही जमत नाही तो माझ्या विषयाकडे येतो, तोही नाइलाजानं. त्या गृहस्थांची गोष्ट मी हसत सांगितली होती. मला हसू येत नव्हतं. घरी यायच्या आधी मी शाळेच्या जिन्यात बराच वेळ बसलो होतो. माझ्या मुलीला कुणी असं, पाय दुखतात म्हणून बसायला जागा समजू नये. बस, एवढंच.’

आई गं! मी पोट धरून हसले होते त्यावर. सासूबाईंनी पदराला नाक पुसलं. भावजी पंख्याकडे बघायला लागले. लेकीचा चेहरा पांढराफटक. तिला वाटलं असणार, गेलं सगळं.

मतदान सुरू झालं. सासूबाई आत गेल्या, आल्या. भावजी गेले, आले. मी गेले आणि इतिहासावर खूण केली. मी ते आधीच बोलून दाखवलं होतं, लपवायचं काय त्यात? शेवटी हे आत गेले आणि बाहेर येईनातच. मीच म्हणाले, ‘अहो, मत द्यायला गेलात की सदरा बदलायला?’ आले तेव्हा कोणाकडे न बघता चिठ्ठी डब्यात टाकली आणि माझ्या स्टुलावर बसले.

लेकीनं डबा उघडला. पहिली चिठ्ठी, विज्ञान. दुसरी, विज्ञान. भावजींनी मांडीवर थाप मारली. तिसरी, इतिहास. ती माझी, म्हटलं जाऊ दे, एक तर पडलं. चौथी तिनं उघडली. कागद उलटा केला, सुलटा केला.

‘इतिहास,’ म्हणाली.

दोनास दोन! लेकीनं घसा साफ केला. ‘समसमान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं. अठरा पूर्ण असोत नसोत, अध्यक्षाचे सगळे नियम लागू म्हणालात. धडा तुम्हीच शिकवलाय, बाबा.’

‘हा काय चावटपणा!’ भावजी उठलेच. ‘आणि आई, तू फिरलीस? पाय चेपून घेतलेस आणि फिरलीस?’

‘मी?’ सासूबाईंचा पारा चढला. ‘शप्पथ सांगते, विज्ञानावर खूण केली. पाय चेपून घेतले ते वेगळं, नात डॉक्टर व्हायला हवी ते वेगळं. तूच फिरला असशील मेल्या!’

‘मी एवढी जोरात खूण केली की कागद फाटला. बघा!’

लेकीनं चिठ्ठ्या बघितल्या. विज्ञानाची एक फाटलेली होती. दुसरीवरची खूण म्हाताऱ्या हाताची, थरथरलेली. मग उरलं कोण?

आम्ही चौघं स्टुलाकडे बघायला लागलो. आत्ता, या खोलीत, आम्हाला रडवून विज्ञान मागणारा माणूस पडद्यामागे जाऊन इतिहासावर खूण करून आला होता!

‘गुप्त मतदान आहे,’ हे ओरडले. ‘कुणाचं मत कुठं गेलं ते विचारायचं नसतं!’

‘बाबा,’ लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ‘मग इतके दिवस नकार का देत होतात?’

यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘भीती वाटते गं मला. अजून वाटते. ती भीती घेऊनच आत गेलो होतो. विज्ञानावर पेन्सिल ठेवलीसुद्धा. पण हात पुढे जाईना. पोरांना सांगत आलो, घाबरून मत देऊ नका. आणि मी दुसरं काय करत होतो?’

सासूबाई तोंडावर हात ठेवून बसलेल्या. मी कापडाच्या गठ्ठ्यावरच बसले. माझं लग्न कुणाशी झालंय, हेच मला कळेना. राग यावा की पाया पडावं?

लेकीनं फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसले. अध्यक्ष म्हणून बसली होती ती उभी राहिली.

‘तुझं मत राहिलंय,’ हे म्हणाले. ‘माझ्याकडे बघून देऊ नकोस. मी आत्ता जे बोललो, त्यानं विरघळूनही देऊ नकोस. पुन्हा विचार कर. इतकी वर्षं झाली, माझा विषय पहिल्या पसंतीनं कुणी मागितलेला नाही.’

‘इतिहास,’ ती म्हणाली. ‘मला हवा आहे म्हणून. तुमच्यासाठी नाही.’

यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. सूर वर्गातला, रोजचा.

‘बरोबर,’ म्हणाले. ‘बस खाली.’