तळीचा पाचवा हात

तुकाराम, मी गाव सोडलं तेव्हा तू ओट्यावर उभा होतास. देव लाल फडक्यात बांधून मी मांडीवर घेतले नि केदारच्या गाडीत बसलो. तू खिडकीपाशी वाकलास. "दादा, तू जा खुशाल. पण देव हितंच ठेव. त्या दोघांच्या घरात बाटतील."

मी काच वर केली. लोहगडवाडीचा उतार सरला. मग केदार म्हणाला, "आबा, फडकं जरा सैल करा. देवांनाही गाडी लागेल." हसू आलं, दाबलं.

आता तळेगावात तिसऱ्या मजल्यावर आहे. गावाकडं पहाटे म्हस हंबरायची, हितं कंपनीची बस हॉर्न मारती. आपला संदीप फर्स्ट शिफ्टला जातो, केदार लोणावळ्याला शाळेत शिकवायला. भाकरी मीच थापतो. तुझ्या वहिनीच्या, इंदूच्या हातची चव न्हाई येत. येणार बी न्हाई.

भावकीत कुजबुज नको म्हणून सरळ लिहितो. माझा पोरगा नि केदार जोडीनं राहतात, नवरा-बायको राहतात तसे. मला हे उमजत न्हाई, आजही न्हाई. पण तुझी वहिनी दवाखान्यात होती तेव्हा तिची वेणी केदार घालायचा. तिनं खंडोबाला नवस केलेला, पोराला जोडी मिळू दे, घरात तळी भरीन. एकदा मी म्हणालो, "तुझा नवस राहिला बघ." ती केदारकडं बघून म्हणाली, "राहिला कुटं? मिळाली की जोडी. तळी तेवढी भरा." पुढं ती गेली. नवस माझ्या अंगावर ठेवून गेली.

दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं असलं लग्न कायद्यात बसत न्हाई म्हणून सांगितलं, त्या दिवशी टीव्हीवर माणसं भांडत होती. एक म्हणं धर्म बुडाला, दुसरा म्हणं हक्क बुडाला. संदीपनं टीव्ही बंद केला नि भांडी घासाय घेतली. ती घासलेलीच होती.

मी हितल्या खंडोबाच्या गुरवाकडं गेलो. म्हणालो, पोरांना देवापुढं तुझ्या हातनं हार घाल. तो हात जोडून म्हणाला, "आबा, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. माझं मन घेत न्हाई." संदीप लय तापला. मी त्याला म्हणालो, गप. त्याचा धर्म त्याला. दडपून माणसाकडनं देवाचं काम करून घेतलं तर ते देवाला पोचत न्हाई. पण मग माझा धर्म बी मला. माझ्या घरात माझ्या देवाची तळी मी भरणार, तितं मला कोणी आडवायचं न्हाई. भावकीनं न्हाई, सोसायटीनं न्हाई.

तळीचं ताट उचलाय पाच पुरुष लागतात, हे तुला सांगाय नको. आपल्या घरात बाप, चुलते नि आपण दोघं असायचो. हितं मी, संदीप नि केदार. चंपाषष्ठीला ताट मांडून बसलो तर दारात गुरव. "हार घालणार न्हाई म्हणालो होतो. तळी उचलणार न्हाई असं कुटं म्हणालो?" आत आला, पाय धुतले, बसला. चार झाले.

तुला फोन केलेला. तू व्हय म्हणाला न्हाईस नि न्हाई बी म्हणाला न्हाईस. सकाळी दुधाच्या गाडीवाल्यानं पुडी आणून दिली, गावच्या देवळातला भंडारा. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. पण पुडीला गाठ तुझीच, बैलाच्या दाव्याला मारतोस तसली. पाचव्या जागी पाट मांडला नि पुडी त्याच्यावर ठेवली.

"येळकोट येळकोट, जय मल्हार!" चौघांनी ताट उचललं. पाचव्या बाजूला हात न्हाई म्हणून ते तिकडं लवलं, नि भंडारा पाटावर सांडला. मी पोरांच्या कपाळाला भंडारा लावला. इंदूच्या फोटोला लावला. केदार फडकं घेऊन पुसाय आला. मी म्हणालो, राहू दे.

तुका, पोरांचं तुला पटलं पाहिजे असं न्हाई. मला तरी कुटं सगळं पटलंय. पण माझा देव हितं आहे, तिचा फोटो हितं आहे, मग घर बी हितंच. तुझ्या जागेवरचा पिवळा डाग अजून तसाच आहे. पुढच्या चंपाषष्ठीला ये. हार घालू नकोस. ताट तेवढं धर, तुझ्याकडनं लवतंय.