सरांच्या हातचं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमचं घर बौद्ध, कबनूरचं. वडील यंत्रमागावर कामाला. अंगारे-धुपारे, अंगात येणं... हे सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेलं. या सदरातले अनुभव वाचून मी पोट धरून हसलेली आहे. आज तुम्ही हसलात तर तक्रार नाही.

२००५च्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात मी फिजिक्समध्ये पीएच.डी. करत होते. डिपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून कॉम्प्युटर लॅब. तिथलं लिनक्सचं मशीन आमच्या सरांनी उभं केलेलं. सर मलकापूरकडचे, बोलणं रांगडं. कुणी उशिरा आलं की "काय पावणं, वाट चुकलासा?" म्हणायचे. मी चुकले की सगळ्यांदेखत झापायचे, आणि मग स्वतःच्या डब्यातली भाकरी पुढे करायचे. मी पीएच.डी.ला लागले ती त्यांच्याच हट्टापायी. या प्रसंगाच्या आदल्या वर्षी सर हार्ट अटॅकनं गेले.

ते गेल्यावर डिपार्टमेंटनं नियमच करून टाकला — मशीनवरचं सरांच्या हातचं काही काढायचं नाही. नवीन काय ते शेजारी टाका. मलाही ते बरोबरच वाटायचं.

माझं गणित चालवायला एक नवीन पॅकेज हवं होतं. इन्स्टॉल छान व्हायचं, आणि प्रोग्राम चालवला की इम्पोर्ट एरर — म्हणे या नावाचं मॉड्यूलच नाही! पुन्हा टाकलं, दुसरी सीडी आणली, मशीन बंद करून चालू केलं. ढिम्म. सोमवारी समितीपुढे निकाल ठेवायचे होते. नाही ठेवले तर माझी नोंदणी रद्द, आणि घरी आईनं स्थळं बघायला घेतलीच होती. शनिवारी दुपारी मी त्या मशीनपुढं बसून सरळ रडले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. घरचा असेल म्हणून उचलला.

"काय पावणं, अजून न्हाय चाललं?"

तो आवाज मी कधी विसरणार नाही हो. कोण बोलतंय, एवढं कसंबसं विचारलं.

"माझं काढून टाका की आता. कशाला जपून ठेवलंयसा?"

बस्स. पुढं काही नाही.

मी रिसीव्हर खाली ठेवला. मग डोक्यात प्रकाश पडला. मशीनवर पायथॉन, म्हणजे आमचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, दोन होते — एक सरांनी टाकलेला जुना, एक नंतरचा. रूट, म्हणजे मशीनचा मालक म्हणून लॉगिन होऊन इन्स्टॉल केलं की पॅकेज नव्यात बसायचं. माझ्या लॉगिननं प्रोग्राम चालवला की हाक जायची जुन्याला. त्याच्याकडं ते असणार कुठून? जुन्याला हात लावायचाच नाही म्हटल्यावर त्याच्यावर संशय तरी कोण घेणार... सरांचा तो जुना पायथॉन काढला. प्रोग्राम चालवला. एरर नाही, काही नाही — गुमान आकडे यायला लागले.

इतक्यात शेजारच्या ऑफिसातल्या क्लार्क बाई डोकावल्या. फोन दुरुस्त झाला का, वाजल्यासारखा वाटला, म्हणाल्या. तेव्हा मला आठवलं, तो फोन पावसाळ्यापासून बंद होता. उचलून बघितला... डायल टोनसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात लाइनमन आला, तर खाली वायर उंदरांनी कुरतडून तोडलेली.

नवरा म्हणतो, उत्तर तुझ्याच मनात होतं, थकली होतीस, भास झाला. असेलही बाबा. पण मग क्लार्क बाईंना काय ऐकू आलं?

सोमवार निभावला. पीएच.डी. झाली, नोकरी लागली, वडिलांना मागावरून उठवून घरी बसवलं. मनात एकच राहिलंय. त्या दिवशी मी फोनवर नुसतं 'कोण बोलतंय' विचारलं, आणि नीट बोलायच्या आत आवाज गेला. तिकडं फोन कसा लावायचा, मला कळत नाही. म्हणून इथं लिहिते... सर, चाललं. लई उपकार झाले तुमचे.