आबांचं गाऱ्हाणं

"कसं काय, आबा?" असं विचारलं की आबा "मजेत" म्हणायचे, आणि तेही अशा आवाजात की विचारणाऱ्याला वाटावं, आपल्याला दम दिला. गिरणीचा संप चिघळला, आबांची गिरणी बंद पडली ती पडलीच, तरी ते मजेतच होते. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला हा म्हातारा उर्मट वाटला होता.

नातेवाईक हळहळायला यायचे. आबांना ती हळहळ मुळीच खपत नसे. एकदा त्यांचा मेहुणा चहाचा कप तसाच ठेवून उसासे टाकत बसला, तेव्हा आबा आपल्या मालवणीत म्हणाले, "आनंद काय मालकान दिल्लेलो? मगे तो बंद कसो करतलो? च्या पी, थंड होता." मग स्वतःचा चहा बशीत ओतून त्यांनी असा काही भुरका मारला की मेहुण्याला मुकाट कप उचलावा लागला.

जिना झाडणारी शेवंता, दुधाच्या केंद्रावरची बाई, पाण्याचा कॉक सोडणारा माणूस, सगळ्यांना आबा नावाने हाक मारत आणि मुलाबाळांची चौकशी करत. शेवंताला चहा द्यायचा तो घरातल्याच कपात, आणि स्वतः दाराशी उभं राहून. सुनेने एकदा वेगळा कप काढला, तर आबांनी त्या दिवशी स्वतःचा चहा त्याच कपातून घेतला. सुनेला म्हणाले, "ज्या माणसामुळा आपलो दीस बरो जाता, तेका मान देवचो." सून पुन्हा त्या कपाच्या वाटेला गेली नाही.

पण आबांचा खरा जीव हिरामध्ये. हिरा माहुलची कोळीण. सकाळी पाटी घेऊन बसने यायची आणि आमच्या फाटकाशी बसायची. ताजा बांगडा दिसला की आबांचा चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. दोघांचं रोज भावावरून कडाक्याचं भांडण व्हायचं, मग ती एक मासा वरून टाकायची आणि आबा तिच्या सात पिढ्यांचं भलं चिंतत जिना चढायचे.

एके वर्षी कमिटीने ठरवलं, फाटकाशी घाण होते, वास येतो, पुढच्या महिन्यापासून कोळणीला बसू द्यायचं नाही. हिराने त्या दिवशी भावावरून भांडण काढलं नाही. इथून उठले तर जाऊ कुठे, प्रत्येक नाक्यावर कोणी ना कोणी आधीच बसलेली असते, मला कोण शिरू देईल, असं ती आबांना म्हणाली. आबा कमिटीशी भांडून आले. सेक्रेटरी म्हणाले, ठराव झाला म्हणजे झाला.

त्याच आठवड्यात गच्चीवर सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. आरतीनंतर गाऱ्हाणं घालायचं काम दरवर्षी आबांचं. कोकणात सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालतात, तेच. प्रत्येक मागणं संपलं की सगळ्यांनी हात जोडून "व्हय महाराजा" म्हणायचं. आमच्याकडे ब्राह्मण असोत की घाटावरचे, सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

आबांनी नारळावर हात ठेवला. "बा सत्यनारायणा, आज मागणा काय नाय. आज नावां घेवची आसत." मग त्यांनी शेवंताचं नाव घेतलं, दुधवाल्या बाईचं घेतलं, कॉकवाल्याचं घेतलं, यांच्या हातांमुळे आमचे दिवस गोड जातात, त्यांना सुखी ठेव म्हणाले. प्रत्येक नावाला गच्ची गर्जत होती. त्याच लयीत आबा पुढे म्हणाले, "माहुलसून पाटी घेवन येता ती हिरा. तिची जागा तिकाच रवांदे. तिका उठवूचा जेच्या मनात आसात, तेची बुदी फिरव रे महाराजा."

"व्हय महाराजा!" डोळे मिटून सगळ्यांत मोठ्याने म्हणाले ते सेक्रेटरी. मग त्यांनी डोळे उघडले.

प्रसाद घेताना त्यांनी आबांना गाठलं. हे बरं नाही केलंत, म्हणाले.

"मी खय काय केलंय? देवासमोर व्हय तुमी म्हटलात," आबा म्हणाले आणि शिऱ्याचा द्रोण त्यांच्या हातात दिला. सेक्रेटरी देवभोळे होते. तो ठराव पुन्हा कोणी काढला नाही.

कृतज्ञता म्हणजे मान खाली घालून बोलायची गोष्ट, असं मला माहेरी शिकवलं होतं. आबांनी ती भांडून व्यक्त केली. आज मी भाजीवालीला नावाने हाक मारते आणि कोणी हसलं तर त्याच्याकडे रोखून बघते, ते त्यांचंच देणं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आबा झोपेतच गेले. त्यांना फाटकापर्यंत आणलं आणि शेवटच्या नमस्कारासाठी जरा थांबवलं. हिरा उठली. लुगड्याला हात पुसून तिने त्यांचे पाय धरले. मग सेक्रेटरींकडे सरळ बघत ती आबांना म्हणाली, "आबा, तुमी जावा. मी हितनं उठनार नाय."

सेक्रेटरी चपला काढून खांदा द्यायला पुढे झाले.